हर्बल माउथवॉशने दातांवरचा प्लाक खरंच आटोक्यात राहतो का?

निशिगंध
नमस्कार मंडळी. गेले काही महिने ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं म्हणून डेंटिस्टकडे गेले, त्यांनी दात साफ करून दिले (स्केलिंग) आणि दोन आठवडे क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या चुळा भरायला सांगितल्या. फरक खूप पडला, रक्त थांबलं, पण तोंडाची चवच गेली आणि खालच्या पुढच्या दातांच्या मागे तपकिरी डाग आले. आता कोर्स संपलाय आणि मला काहीतरी रोज वापरता येईल असं हवंय. कडुनिंब, त्रिफळा, तुळस, लवंग, ग्रीन टी असे बरेच हर्बल माउथवॉश दिसतात आणि सगळ्यांवर प्लाक कमी होतो असंच लिहिलेलं असतं. ते खरंच काम करतात का? की नुसता तोंडाला वास चांगला येतो? कोणी बरेच दिवस वापरलं असेल तर सांगा, आणि यातलं कोणी जाणकार असेल तर जरा विस्ताराने लिहा प्लीज.

पाऊसपाणी
मी त्रिफळ्याचा वापरते. हिरड्या घट्ट वाटतात, तोंड स्वच्छ वाटतं. प्लाकचं म्हणाल तर मोजणार कसं? चव मात्र इतकी तुरट की मुलं लांबूनच पळतात.

टोकदार
माउथवॉशने प्लाक निघाला असता तर ब्रश बनवणारे कधीच घरी बसले असते :) हर्बल असो की केमिकल, चुळा भरून दात साफ होत नाहीत. नीट ब्रश करा, फ्लॉस करा, विषय संपला.

रानवाट
@टोकदार, असं एका वाक्यात कसं संपेल? धागाकर्तीने ब्रश सोडून चुळा भरू का असं विचारलेलंच नाहीये. ब्रशच्या जोडीला काय, असा प्रश्न आहे. आणि त्यांना क्लोरहेक्सिडीनने फरक पडला हे त्या स्वतःच सांगतायत, म्हणजे चुळांनी काहीतरी होतंच की.

सुळा
मी डेंटिस्ट आहे, त्यामुळे जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

आधी प्लाक म्हणजे काय ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दात कितीही चकचकीत घासला तरी काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर त्यावर बसतो, त्याला पेलिकल म्हणतात. त्या थराला आधी काही ठरावीक स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जिवाणू चिकटतात, मग त्यांच्यावर दुसरे, मग तिसरे, आणि हे सगळे मिळून आपल्याभोवती एक चिकट जाळं विणतात. साखर मिळाली की म्युटन्स जातीचे जिवाणू त्यातून ग्लुकन नावाचा डिंकासारखा पदार्थ बनवतात, त्याने पकड आणखी पक्की होते. हा जो सगळा थर, बायोफिल्म, तोच प्लाक. पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो ना, तो पाणी बदलून जात नाही, घासावाच लागतो, अगदी तोच प्रकार. म्हणून @टोकदार यांचं निम्मं बरोबर आहे, जमलेला जाड थर कुठल्याही माउथवॉशने सुटत नाही.

आता राहिलेलं निम्मं. घासून साफ केलेल्या दातावर नवीन थर बसायला उशीर करणं, हे माउथवॉशला जमू शकतं. क्लोरहेक्सिडीनला ते सगळ्यात चांगलं जमतं कारण त्याच्या रेणूवर धन भार असतो, तो दातावरच्या पेलिकलला आणि गालाच्या आतल्या त्वचेला चिकटून राहतो आणि पुढचे कित्येक तास थोडा थोडा सुटत राहतो. बहुतेक वनस्पतींच्या अर्कांना नेमकं हेच जमत नाही. चूळ थुंकली की लाळेने थोड्याच वेळात सगळं धुऊन जातं. बाटलीतल्या अर्काने जिवाणू मरतात का यापेक्षा तो तोंडात किती वेळ टिकतो हा प्रश्न मोठा आहे.

आणि निशिगंध, डागांची काळजी करू नका, ते दातात मुरलेले नसतात, वरवरचे असतात, पॉलिशिंगने जातात. चवही औषध थांबवल्यावर परत येते. क्लोरहेक्सिडीन रोज कायमचं वापरायचं औषधच नाही, त्यामुळे तुम्ही ते थांबवलंत हे योग्यच केलंत.

निशिगंध
धन्यवाद सुळा ताई! टिकण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. डाग जातात हे वाचून जीव भांड्यात पडला.

ओवी_ओंजळ
ताई, एक विचारू का, प्लाक नाही काढला तर किती दिवसांत हिरड्या बिघडतात? माझा भाऊ हॉस्टेलवर आहे आणि रात्रीचा ब्रश त्याला मान्यच नाही.

सुळा
@ओवी_ओंजळ, याचा एक फार गाजलेला प्रयोग आहे, १९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. निरोगी हिरड्यांच्या १२ लोकांनी दात साफ करणं पूर्ण थांबवलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा साफसफाई सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. प्लाक आणि हिरड्यांची सूज यांचा थेट संबंध त्यातून पक्का झाला. आणि १९७० मध्ये लो यांनीच आणखी एका सहकाऱ्याबरोबर दाखवलं की ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनच्या दिवसातून दोन चुळा भरल्या तर ब्रश न करताही प्लाक जमत नाही. तेव्हापासून प्रत्येक नवीन माउथवॉशची तुलना याच्याशीच होते. भावाला सांगा, सुजलेली हिरडी परत ठीक होते, पण खालचं हाड एकदा झिजलं की ते आपोआप भरून येत नाही.

औषधी
मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, थोडी दुसरी बाजू मांडते. त्रिफळा म्हणजे हरडा, बेहडा आणि आवळा. तिघांतही टॅनिन भरपूर. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवतात, तुरटपणा त्याचाच, पाऊसपाणी म्हणतात तसं हिरड्या घट्ट वाटणं हेही त्यामुळेच. त्रिफळ्याच्या चुळा आणि क्लोरहेक्सिडीनच्या चुळा यांची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या आहेत, शाळकरी मुलांवरही झाल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच चाचण्यांत प्लाक कमी होण्यात दोघांत फारसा फरक दिसला नाही, डाग मात्र क्लोरहेक्सिडीनच्याच गटात जास्त. त्यामुळे हर्बल म्हणजे नुसता वास असं म्हणणं अन्यायाचं आहे.

ग्रीन टीचंही तसंच. त्यातले कॅटेचिन, विशेषतः ईजीसीजी, वर ताईंनी जो ग्लुकनचा डिंक सांगितला तो बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवतात. म्हणजे जिवाणू मारण्याऐवजी त्यांना चिकटू न देणं, ही फार सुंदर पद्धत आहे असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे वापरायची रीत. गंडूष आणि कवल असे दोन प्रकार आहेत, गंडूषात तोंड पूर्ण भरून द्रव नुसता धरून ठेवायचा, कवलात थोडा कमी घ्यायचा आणि खळखळवायचा. दोन्हीत द्रव बराच वेळ तोंडात राहतो. टिकून राहत नाही ही अडचण मान्य, पण आपण दहा सेकंदात थुंकून टाकलं तर कुठलाच अर्क काय करणार?

रसायनी
@औषधी, चाचण्या झाल्यात हे बरोबर, पण त्या कशा होतात तेही सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे. मी संशोधनाच्या आकडेमोडीचं काम करतो त्यामुळे असे पेपर बरेच वाचनात येतात.

प्लाक मोजतात कसा (पाऊसपाणी यांनी विचारलं होतं): दातांना रंग लावतात, प्लाक रंगतो, मग दाताचा किती भाग रंगला त्यावरून ० ते ५ गुण देतात. ही १९६२ ची क्विग्ली-हाइन पद्धत, १९७० मध्ये टुरेस्की यांनी सुधारलेली. हे गुण डोळ्यांनी बघून दिले जातात, म्हणजे बघणाऱ्याला कोणता गट कुठला हे माहीत असलं तर निकाल कलू शकतो. आणि हर्बल द्रवाचा रंग, वास, चव इतकी वेगळी असते की वापरणाऱ्यापासून लपवणं फार अवघड.

दुसरं, बऱ्याच चाचण्यांत सुरुवातीला सगळ्यांचं स्केलिंग करतात, ब्रश चालूच असतो, आणि आपण चाचणीत आहोत म्हटल्यावर माणूस जरा जास्तच मन लावून दात घासतो. त्यामुळे तुलनेसाठी नुसत्या पाण्याच्या चुळा भरणाऱ्या गटातही प्लाक कमी होतो. मग 'सुरुवातीपेक्षा कमी झाला' याला काही अर्थ उरत नाही, पाण्याच्या गटापेक्षा किती कमी झाला ते बघावं लागतं.

तिसरं, 'क्लोरहेक्सिडीनइतकंच प्रभावी' हे वाक्य. वीस-तीस जणांच्या छोट्या गटांत दोन औषधांत फरक दिसला नाही याचा अर्थ दोन्ही सारखी आहेत असा होत नाही. फरक असूनही इतक्या कमी लोकांत तो दिसला नाही असंही असू शकतं. आणि कालावधी बहुतेक वेळा काही आठवड्यांचा. त्यासमोर क्लोरहेक्सिडीनचं बघा, कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ५१ अभ्यास होते, त्यात प्लाक बराच कमी होतो हे ठामपणे म्हटलंय, आणि डाग पडतात हेही तितक्याच ठामपणे.

मी हर्बलच्या विरोधात नाही. पण बाटलीवर जितक्या खात्रीने लिहिलेलं असतं तितकी खात्री पुराव्यात नाही.

टोकदार
रसायनी, दंडवत घ्या. हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

रानवाट
वाचनखूण साठवली. 'सुरुवातीपेक्षा कमी' आणि 'पाण्यापेक्षा कमी' हा फरक शाळेत शिकवायला पाहिजे.

औषधी
रसायनी, छोट्या चाचण्यांबद्दल पूर्ण सहमत, माझाही तोच आग्रह आहे की मोठ्या आणि किमान सहा महिन्यांच्या चाचण्या व्हाव्यात. फक्त पुरावा कमी आहे म्हणजे गुण नाही, असं वाचणाऱ्याने समजू नये इतकंच.

रसायनी
मान्य. आणि तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो. ज्या वनस्पतीजन्य रेणूंच्या सहा महिन्यांच्या चांगल्या चाचण्या झाल्यात ते आहेत की: थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेन्थॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट. ओव्यातलं थायमॉल, निलगिरीतलं युकॅलिप्टॉल, पुदिन्यातलं मेन्थॉल. लिस्टरीनमध्ये हेच चार असतात, १८७९ पासूनचं हे मिश्रण आहे. थायमॉलचं प्रमाण ०.०६४ टक्के, म्हणजे प्रत्येकाचा ठरलेला आकडा, आज घेतलेल्या बाटलीत आणि पुढच्या वर्षीच्या बाटलीत तेवढंच. प्लाक आणि हिरड्यांची सूज दोन्ही कमी होतात हे त्यात नीट दिसलंय, क्लोरहेक्सिडीनपेक्षा थोडं कमी, पण डाग आणि चवीचा त्रासही कमी. मूळ वनस्पतीतलं असून चाललं ना, कारण प्रमाण ठरलेलं होतं आणि तपासणी झाली होती.

पाऊसपाणी
पण त्यात अल्कोहोल असतं ना? मला तोंडात फार झोंबतं.

सुळा
मूळ प्रकारात असतं, २० टक्क्यांहून जास्त. ते तेल पाण्यात विरघळावं म्हणून घातलेलं असतं. बिनअल्कोहोलचेही प्रकार मिळतात. ज्यांचं तोंड मुळात कोरडं पडतं, उदा. बऱ्याच गोळ्या चालू असलेले ज्येष्ठ, त्यांनी अल्कोहोलवाला टाळावा. आणि हे हर्बललाही लागू आहे, काही हर्बल माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं, मागची यादी वाचा.

ब्रेसेसवाला
माझ्या दातांना तारा आहेत, ब्रश नीट पोचतच नाही. मला हर्बल चालेल का? कोणी खोबरेल तेलाच्या चुळा भरा म्हणालं.

खट्याळ_चांदणी
खोबरेल तेल आधी डोक्याला, मग त्वचेला, आता दातांना. एका बाटलीत सगळं घर :)

सुळा
@ब्रेसेसवाला, तारांभोवती प्लाक पटकन जमतो आणि तिथे आम्ल साठून पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या आसपास खाली गेला की इनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातून, कॅल्शियम निघून जायला लागतं, तारा काढल्यावर जे पांढरे चट्टे दिसतात ते त्याचेच. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फ्लोराइड आणि तारांमधून जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश. बहुतेक हर्बल माउथवॉशमध्ये फ्लोराइड नसतं, आणि किडीपासून वाचवायला आज ज्याचा सर्वात भक्कम पुरावा आहे ते फ्लोराइडच. त्यामुळे तुम्ही आधी फ्लोराइडच्या माउथवॉशबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा, हर्बल नंतर.

यावरून सगळ्यांसाठी एक: ब्रश झाल्या झाल्या लगेच कुठलाच माउथवॉश घेऊ नका. पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहायला हवं, लगेच चूळ भरली की ते धुऊन जातं. वेगळ्या वेळी घ्या. क्लोरहेक्सिडीनचं तर आणखी एक आहे, पेस्टमधला फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट त्याचं काम बिघडवतो, म्हणून दोन्हीत किमान अर्धा तास जाऊ द्यावा.

तेलाच्या चुळांनी नुकसान फारसं नाही, गिळू नका आणि जोरात श्वास घेताना फुफ्फुसात जाऊ देऊ नका. पण फ्लोराइडच्या जागी तेल, हे नको.

ओवी_ओंजळ
घरीच कडुनिंबाची पानं उकळून केलं तर? विकतच्यापेक्षा शुद्ध तरी राहील.

औषधी
@ओवी_ओंजळ, करता येतं पण रोज ताजं करायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. काढ्यात टिकवणारं काही नसतं, बाटलीत भरून चार दिवस ठेवलात तर त्यात जंतू वाढतात आणि जंतू मारायच्या द्रवाने आपण जंतूच तोंडात घेतो. शिवाय प्रमाण दर वेळी वेगळं पडतं. लवंगेचं किंवा टी ट्रीचं तेल तर घरी थेंब टाकून अजिबात नको, नुसतं तेल तोंडाच्या आतल्या त्वचेला भाजतं, आणि टी ट्री पोटात गेलं तर विषारी आहे.

टोकदार
म्हणजे नैसर्गिक असूनही विषारी. हे ठळक अक्षरांत लिहा कोणीतरी.

रसायनी
टोकदार, त्याचं मोठं उदाहरण आहे. ब्लडरूट नावाच्या वनस्पतीतून सँग्विनॅरीन काढतात. एके काळी ते प्लाकविरोधी म्हणून टूथपेस्ट आणि माउथवॉशमध्ये घालायचे, भरपूर खपलंही. मग वापरणाऱ्यांच्या वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडीजवळ पांढरे चट्टे सापडायला लागले, ल्युकोप्लाकिया, ज्याचा कधीकधी पुढे कॅन्सर होऊ शकतो. शेवटी तो अर्क वगळला गेला. वर्षानुवर्षं वापरल्यानंतरच हे लक्षात आलं, म्हणूनच थोड्या आठवड्यांच्या चाचण्या पुरत नाहीत असं मी म्हणत होतो.

आणि टी ट्रीचं निघालंच आहे तर, २००४ च्या एका अभ्यासात त्याच्या २.५ टक्के जेलने हिरड्यांची सूज कमी झाली, प्लाक मात्र कमी झाला नाही. म्हणजे हिरडीला बरं वाटणं आणि प्लाक कमी होणं या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात.

सुळा
रसायनी, हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दवाखान्यात मी रोज हेच बघते. हिरडी घट्ट वाटली, रक्त थांबलं, तोंडाला वास येईना, की लोक यायचे थांबतात. आणि हिरडीच्या खाली टार्टर तसंच असतं. प्लाकमध्ये लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बसून तो दगडासारखा होतो, ते टार्टर, कीटण म्हणा. त्याच्यावर त्रिफळा, कडुनिंब, क्लोरहेक्सिडीन, कशाचाच उपयोग नाही, ते उपकरणानेच काढावं लागतं. चुळेचा द्रव हिरडीच्या खाली खोल फटीत पोचतही नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत तर आणखी फसवणूक होते, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार वाढलेला असूनही रक्त कमी येतं. डायबेटिस असलेल्यांनीही हिरड्यांकडे दुर्लक्ष करू नका, दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात.

रानवाट
एक विषयांतर. जंतू मारायचे म्हणून रोजच सगळे मारत सुटणं चांगलं का? तोंडात चांगले जिवाणूही असतात ना?

सुळा
विषयांतर नाही, योग्य प्रश्न आहे. जिभेवरचे काही जिवाणू अन्नातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यातून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि ते रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतं. क्लोरहेक्सिडीनच्या चुळांनंतर हे काम मंदावतं आणि रक्तदाब किंचित वाढतो असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. म्हणूनही ते ठरलेल्या मुदतीपुरतंच. तोंड निर्जंतुक करायचंच नाहीये आपल्याला, थर जाड होऊ द्यायचा नाही एवढंच.

पाऊसपाणी
मुलांना कितव्या वर्षापासून द्यावा?

सुळा
सहाच्या आधी कुठलाच नको, गिळतात. नंतरही डॉक्टरांना विचारून.

निशिगंध
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! सगळं दोनदा वाचलं. मग माझ्यासाठी असं समजू का: ब्रश आणि दातांमधली सफाई रोज, माउथवॉश दुपारी जेवणानंतर वगैरे वेगळ्या वेळी, हर्बल घ्यायचाच तर प्रमाण लिहिलेला आणि अल्कोहोल नसलेला? आणि एक अडलंय, तो काम करतोय की नाही हे घरच्या घरी कळेल का? तुमच्यासारखे ० ते ५ गुण मला कोण देणार?

सुळा
अगदी बरोबर समजलात. आणि घरी कळतं! प्लाक दाखवणाऱ्या रंगीत गोळ्या मिळतात, डिस्क्लोजिंग टॅब्लेट. रात्री ब्रश झाल्यावर चघळा, चूळ भरा, आरशात बघा. जिथे रंग राहिला तिथे प्लाक राहिलाय. आधी काही दिवस माउथवॉश न घेता बघा, कुठे कुठे रंग राहतो त्याचा फोटो काढून ठेवा, मग हर्बल सुरू करून बघा. एक सांगते, बहुतेकांना पहिल्याच वेळी खालच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढांमागची जागा रंगलेली दिसते, आणि मग माउथवॉशच्या आधी ब्रशच सुधारतो. एका वेळच्या ब्रशिंगने सरासरी निम्म्याहून कमी, साधारण ४२ टक्के प्लाक निघतो असं अभ्यासांच्या एका आढाव्यात आलंय, म्हणजे कमवायला जागा तिथेच जास्त आहे.

टोकदार
४२ टक्के?? मी इतकी वर्षं ब्रशचीच बाजू लावून धरतोय. गोळ्या आणतो आजच.

औषधी
निशिगंध, त्रिफळ्याचा घेतलात तर त्या फोटोंचं काय झालं ते इथे नक्की लिहा. आणि टॅनिनमुळे चहासारखे हलके डाग पडू शकतात, त्यावरही लक्ष ठेवा.

निशिगंध
नक्की लिहीन. स्केलिंगची पुढची तारीख सहा महिन्यांनी दिलीय, तीही चुकवणार नाही.

ब्रेसेसवाला
ताई, तारा असताना रंगीत गोळी चालते का?

सुळा
चालते, उलट तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी. तारेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे नीट बघा. ताराबिरा असलेल्यांचा रंग सहसा हिरडी आणि ब्रॅकेट (तार धरून ठेवणारा, दाताला चिकटवलेला तुकडा) यांच्यामधल्या पट्ट्यात राहतो.